बरी झालेली माणसं

“आत्ये, बांध काय तुझ्या बापाचा आहे का?” तेली लांबूनच ओरडत आला. “रोज उठून पोखरतेस. उद्या माती वाहून गेली म्हंजे तू येणार का टोपलं घेऊन?”

आत्यानं मान वर केली नाही. उन्हानं जमिनीला हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या. असल्या दगडी ढेकळातून औषधाची मुळी अख्खी काढायची म्हणजे दाढ उपटण्यातलाच प्रकार. मधेच तुटली की चीक जातो, हाती नुसतं लाकूड राहतं. तिनं खुरपं बाजूला टाकलं, बोटांनी माती उकरली, मुळी हलवून हलवून बाहेर काढली आणि मगच बोलली.

“बांध माझ्या बापाचा नाही. पण मुळीही तुझ्या बापानं लावलेली नाही. ते राहू दे, हात दाखव बघू.”

“कशाला?”

“दाखव म्हटलं की दाखवावा.”

तेल्यानं आधी रस्त्याकडं पाहिलं. कोणी नव्हतं. मग दोन्ही पंजे पुढं केले. मागच्या वर्षी ह्याच पंजांना मनगटापर्यंत पिकलेले फोड होते. घाण्याला हात लावायची सोय राहिली नव्हती, आणि घरच्यांनी त्याचं ताट वेगळं मांडलं होतं. आता कातडी कोवळी होती, पण धड होती.

“लेप लावतोस ना अजून?”

“लावतो गं.” त्याचा आवाज खाली आला. “काढ तू मुळी. खड्डा बुजव तेवढा.”

आत्या गावची लेक. नवरा लवकर गेला, तेव्हा माहेरी आली ती इथलीच झाली. बापाला झाडपाल्याचं कळायचं, त्याच्यामागं रानोमाळ हिंडून ते हिला कळायला लागलं. विशीतला असो की साठीतला, जो तो तिला आत्याच म्हणायचा. औषधाचं तिनं कधी काही मागितलं नाही. कोणी पायलीभर दाणे आणून ओतले तर ओतले, नाही तर नाही. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता. त्याला तिनं कडेवर वाढवला, पुढं त्याचं लग्न लावलं, आणि शेजारीच त्याचा संसार मांडून दिला.

तो भाऊच बांधावरून पळत येताना दिसला.

“अक्का, घरी चल. कचेरीतून हुकूम आलाय.”

घरी येऊन त्यानं घटाघटा पाणी प्यायलं आणि सगळं सांगितलं. तो गोऱ्या साहेबाच्या राज्याचा काळ. हुकूम असा, की ज्याच्यापाशी सरकारी डॉक्टरकीचा कागद नाही त्यानं ह्यापुढं कुणाला औषध द्यायचं नाही. दिलं तर कैद. पण जे आधीपासून देत आले आहेत त्यांना एक वाट ठेवली होती. बरी झालेली पाच माणसं साहेबापुढं उभी करायची. काय रोग होता आणि कुणी बरा केला, हे त्यांनी आपल्या तोंडानं सांगायचं आणि खाली अंगठा द्यायचा. पाच दाखले झाले की परवाना.

आत्या हसायला लागली. “पाचच? मला वाटलं पाचशे मागतोय.”

“हसू नकोस. साहेबाचा तळ आठ दिवसांनी आपल्या खळ्यावर पडायचा आहे.”

मग दोघं ओट्यावर बसून माणसं मोजायला लागली. तेली एक. सुताराची पोर दुसरी, तिला फेफरं यायचं, तीन वर्षांत एकदाही आलं नव्हतं. पोरीच्या वतीनं सुतार बोलेल. गाडीवानाचा दमा तिसरा. मास्तरांच्या बायकोचं अंगावरून जाणं, त्यासाठी मास्तर चौथे.

“आणि पाचवा मी,” भाऊ म्हणाला.

ते तर सांगायलाच नको होतं. दोन पावसाळे त्याच्या खोकल्यातून रक्त पडत होतं. क्षय होता की आणखी काय होतं, आत्यालाही ठाम सांगता आलं नसतं. पण बायको लेकरं घेऊन माहेरी गेली, ती तो बरा झाल्यावरच परतली; आत्या मात्र राहिली. तिनं त्याला काढे पाजले, त्याची थुंकी लांब नेऊन पुरली, रोज त्याचं अंथरूण उन्हात टाकलं. तिसऱ्या वर्षी तो नांगरामागं उभा राहिला, तेव्हा ती बांधावर बसून रडली होती.

“शेजारच्या कुंभारणीला विचारावं का?” आत्या म्हणाली.

“तिला कशाला? तिचं पोर वाचलं कुठं?” भावानं उडवून लावलं. “तू घरात बस. मी फिरतो सगळीकडं.”

तो तीन दिवस फिरला आणि सांगत आला, “सगळे तयार आहेत.” आत्याला राहवलं नाही म्हणून ती एकदा सुताराकडं जाऊन आली. सुतार दाराची चौकट तासत होता. त्यानं रंधा थांबवला नाही, पण त्याची बायको बाहेर आली आणि आत्याच्या पाया पडली. “आत्याबाई, तुम्ही नसता तर पोर चुलीत पडून मेली असती. हे येतील, मी पाठवते.” तेवढं ऐकून आत्या निवांत झाली.

साहेबाचा तंबू खळ्यावर पडला. वाऱ्यानं भुसा उडत होता, सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. साहेब खुर्चीवर, शेजारी कारकून दौत-टाक घेऊन, आणि मागं गावात नुकत्याच उघडलेल्या सरकारी दवाखान्याचा डॉक्टर हात बांधून उभा. आत्या धुतलेलं लुगडं नेसून गेली होती.

गाडीवान पहाटेच गाडी जुंपून परगावी गेला होता. मास्तरांनी अंग दुखतंय म्हणून निरोप धाडला. तेल्याला शिपायानं घरून उठवून आणलं. तो आला तो खांद्यावरच्या पंचात हात गुंडाळून.

कारकुनानं विचारलं, “तुला काय रोग होता?”

“मला? काही नाही.”

“हाताला फोड होते म्हणतात.”

“घाण्यावर काम करतो सरकार. कधी खरचटतं. माझ्या तेलाला कोणी नावं ठेवलेली नाहीत.”

मग सुतार आला. त्यानं आत्याकडं पाहिलंच नाही, साहेबाच्या बुटांकडं बघत बोलला. “माझी पोर ठणठणीत आहे. लहानपणी जरा घाबरायची, तेवढंच. तिचं जमत आलंय साहेब, पाहुणे कालच बघून गेले.”

गर्दीत कोणी तरी फिसकन हसलं. आत्यानं स्वतःला धरून ठेवलं. भाऊ अजून उभा राहायचा होता. बाकीचे शेवटी परकेच, घरचं माणूस काही मागं सरायचं नाही.

भाऊ पुढं आला. अंगात नवा सदरा होता. तो कधी शिवला, हे तिला ठाऊक नव्हतं.

“तुला काय रोग होता?”

“खोकला होता, साहेब.”

“रक्त पडत होतं?”

“नाही. साधा खोकला.”

“कुणी बरा केला?”

भावानं घसा खाकरला. “दवाखान्याच्या बाटलीनं बरा झाला, साहेब. अक्काचा काढा घेत होतो, पण त्यानं काही उतार नव्हता.”

मागं उभ्या असलेल्या डॉक्टरनं मान हलवली.

“अरे!” आत्याच्या तोंडून निघून गेलं. “दवाखान्याच्या भिंती तरी उभ्या होत्या का तेव्हा? साहेब, ह्याचं रक्त मी ह्या हातांनी पुरलंय!”

“बाई, गप्प,” कारकून म्हणाला. “रोग्याला विचारलंय.”

भावाच्या अंगठ्याला शाई लागली, तो कागदावर उठला आणि भाऊ गर्दीत मिसळून गेला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते ऐकलेलं होतं. आत्यानं ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

कारकून कागद आवरायला लागला, तेवढ्यात कोपरापर्यंत चिखल माखलेली कुंभारीण लोकांना ढकलत पुढं आली.

“माझं लिहा.”

“तुला काय रोग होता?”

“मला नाही. माझ्या पोराला होता. घसा धरला होता, श्वास जात नव्हता.”

“बरं. मग बरं झालं का?”

“नाही. गेलं.”

आता सगळेच हसले. कुंभारीण थांबली. हसणं संपल्यावर ती म्हणाली, “पहिल्या दिवशीच आत्यानं सांगितलं, हे माझ्या हातचं नाही, मोठ्या गावी डॉक्टरकडं ने. गाडी कोणी दिली नाही. हे सगळे इथंच होते तेव्हा. मग चार दिवस ती माझ्या घरात पोराला मांडीवर घेऊन बसली. मला खोटं काही सांगितलं नाही, माझ्याकडून काही घेतलं नाही. तेवढं लिहा.”

कारकुनानं ते साहेबाला त्याच्या भाषेत सांगितलं. साहेब कुंभारणीकडं बघत हळूच काही बोलला. कारकुनानं एक ओळ लिहिली. अंगठ्यावर माती सुकलेली होती म्हणून शाई धरेना. तिनं तो लुगड्याला खसखसा पुसला आणि उठवला.

घरी जाताना कुंभारणीनं विचारलं, “काय लिहिलं गं त्यानं?”

आत्यानं ते कारकुनाला विचारून घेतलं होतं. “रोगी एक. मयत,” ती म्हणाली.

परवाना मिळाला नाही. आत्यानं खल पालथा घातला, वाळलेला पाला गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकला आणि ती लोकांच्या शेतात निंदायला जायला लागली. महिन्याभरात भाऊ दवाखान्यात शिपाई झाला, छातीवर पितळी बिल्ला लावून गावातून हिंडायला लागला. कुंभारीण दवाखान्यात पाण्याचे माठ घालायला गेली होती, तिनं येऊन सांगितलं, “भिंतीवर चौकटीत कागद लावलाय. कंपाउंडर वाचून दाखवतो येईल त्याला. ‘माझी दोन वर्षांची छातीची व्यथा इथल्या औषधानं एका महिन्यात समूळ गेली.’ खाली तुझ्या भावाचा अंगठा.”

“तिथं मात्र साधा खोकला नव्हता म्हणायचा,” आत्या म्हणाली.

“गरज सरो, वैद्य मरो. जुनंच आहे ते.”

“गरज कुठं सरलीय अजून? ह्यांनी आधीच मारला.”

पोरीचं लग्न उरकल्यावर सुताराची बायको एक दिवस तोंडावर पदर घेऊन आली आणि उंबऱ्याशीच रडत बसली. आत्यानं तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

“आत्याबाई, आम्ही येणारच होतो. पण तुमच्याच भावानं येऊन सांगितलं, की साहेब रोग लिहून घेतो आणि ते कागद गावोगाव चावडीवर लावतो. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणाला. आम्हाला सांगितलं, तेल्याला सांगितलं, मास्तरांच्या घरी जाऊन सांगितलं. पोरीच्या सासरी कळलं असतं तर काय झालं असतं?”

साहेबापुढं तो घाबरला असेल, डॉक्टरनं ऐनवेळी दटावलं असेल, असं आत्या इतके दिवस स्वतःला समजावत होती. म्हणजे ते तीन दिवस तो दारोदार फिरला तो ह्यासाठी. आणि रोज तिच्या हातचं जेवून, हात धुऊन सांगायचा, सगळे तयार आहेत.

“जा तू,” ती म्हणाली. “पोर सुखात आहे ना? मग झालं.”

थंडी पडली. सकाळी शेतांवर धुकं बसायचं, आणि जमिनीची ओल पायांतून वर चढायची. अशाच एका सकाळी आत्या आणि कुंभारीण ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. भाऊ आला. बिल्ला काढून खिशात घातलेला होता, तोंडावर फडकं होतं. त्यानं ते दूर केलं. फडक्यावर लाल डाग होते.

“अक्का.”

“दवाखान्यात जा. तुझा दाखला आहे ना तिथं भिंतीवर?”

“तिथं कळलं तर बिल्ला काढून घेतील. बाटल्या पिऊन पाहिल्या चोरून. उतार नाही.” तो खाली बसला. “अक्का, चुकलं माझं. डॉक्टर म्हणाला, गावात तुझी बहीण औषध देत राहिली तर दवाखान्यात कोण येईल, आणि शिपाई तरी कशाला लागेल? लेकरांकडं बघून केलं मी.”

“तुला काय होतंय, ते सांग.”

“बघतेस की.”

“बोल.”

त्यानं कुंभारणीकडं पाहिलं. ती हलली नाही.

“खोकल्यातून रक्त पडतंय.”

“पूर्वी पडलं होतं?”

“पडलं होतं.”

“कुणी थांबवलं?”

तो खोकायला लागला. खोकला थांबायची आत्यानं वाट पाहिली. घाई नव्हती तिला.

“तू,” तो म्हणाला.

आत्या उठली. माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं, पाला हातावर घेऊन हुंगला, किडका बाजूला केला. चुलीवर काढा उकळला. तिनं तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला.

“रोज सकाळी लागेल. न्यायला बायकोला पाठवत जा. तू येऊ नकोस.”

“अक्का, अगं...”

“औषध देते म्हटलं ना. ऊठ.”

खांद्यावरच्या पंचाखाली तांब्या झाकून तो गेला. कुंभारीण त्याच्या पाठीकडं बघत म्हणाली, “आणि कैद झाली म्हंजे?”

“कुणाच्या सांगण्यावरून होईल? माझी कागाळी करायची तर आधी स्वतःचा रोग सांगावा लागेल. ह्या गावात ते कोणी करायचं नाही.”

झालंही तसंच. आठ दिवसांत तेली आला, मग गाडीवान, मग मास्तरांची बायको. आत्या प्रत्येकाला औषध द्यायची, पण आधी रोग बोलायला लावायची, ओट्यावर, दिवसाउजेडी, जी कोणी शेजारी बसली असेल तिच्यासमोर. पुढं ती बारा वर्षं औषध देत होती. परवाना नव्हता, आणि कैदही झाली नाही. सरकारी माणूस अधूनमधून येऊन चौकशी करून जायचा, आणि प्रत्येक घरातून त्याला एकच उत्तर मिळायचं, की आमच्याकडं सगळे ठणठणीत आहेत, त्या बाईचं औषध आम्ही कधी घेतलंच नाही.

भावाची बायको रोज सकाळी तांब्या घेऊन यायची. भाऊ त्या दाराला पुन्हा आला नाही, आणि आत्यानं कधी विचारलं नाही, आज कसा आहे म्हणून. तांब्या रिकामा आला, की ती भरून द्यायची.