सुलटे कोळी

१९७१ साली माझी धाकटी नणंद, आमच्या वन्सं, कारखान्यात बटणं निवडायला जायच्या आणि त्यांना त्याचा वीट आला होता. तेवढ्यात संग्रहालयात मदतनिसाची जागा निघाली. तिथले साहेब म्हणाले, घरच्या बागेतले गोल जाळं विणणारे कोळी ओळखा, चित्रं काढून आणा, मग बघू.

वन्सं दोन महिने रोज सकाळी स्टूल घेऊन डाळिंबाखाली बसल्या. पोटाचा आकार, पायांवरचे पट्टे, जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी वीण आहे की नाही, सगळं वहीत. सहा जाती ओळखल्या. तेवढे दिवस बागेत झाडू न्यायची कुणाची टाप नव्हती.

मामंजी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. लेकीची पेन्सिलीची चित्रं त्यांना केविलवाणी वाटली. न विचारता त्यांनी सहाही कोळी जाड कागदावर रंगवले, आणि रंगवताना सुलटे केले. वन्संनी पाहिलं तेव्हा निघायची वेळ झाली होती.

"बाबा, जाळ्यात ते डोकं खाली करूनच बसतात."

"बसत असतील. चारचौघांत न्यायचं तर नीट न्यावं."

आणि चित्रं काखोटीला मारून ते स्वतःच पुढे निघाले. मागून आम्ही दोघी; वही घरीच राहिली.

साहेबांनी चित्रं पाहिली. "रंग छान आहेत. पण ज्यानं ही काढली, त्यानं जाळ्यातला कोळी कधी पाहिलेला नाही."

मामंजींनी 'रंग छान' एवढंच ऐकलं होतं. वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकलं माझं."

घरी येऊन त्या कारखान्याचा डबा घासायला बसल्या. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी पिशवीत वही घालून मी एकटीच संग्रहालयात गेले. साहेबांनी अर्धा तास वही वाचली. पानोपानी कोळी डोकं खाली करून बसले होते. एक ओळख चुकली होती, ती त्यांनी लाल पेन्सिलीनं सुधारली.

"कालची चित्रं कुणाची?"

"आमच्या मामंजींची."

"त्यांना काही बोलू नका," म्हणाले, आणि सोमवारपासून या, अशी चिठ्ठी दिली.

मामंजी पुढे अकरा वर्षं जगले. आपल्या चित्रांवर पोरीला नोकरी लागली, हे पाटी करून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं. साहेब निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. वन्सं पुढे त्यांच्याच खुर्चीवरून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर वेळ झाला नाही म्हणायच्या. आमचे हे गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो. माझ्या खोलीच्या खिडकीत एका कोळ्याच्या मादीनं जाळं केलंय, ते काढायचं नाही असं वन्संनी बजावलंय. ती खिडकी पावसाळ्यापासून उघडलेली नाही.