गेटाचं तोंड पुसायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनं चांदीचं नाणं आहे. पण मला 'बिचारं' म्हणायचं काम नाही! माझं वय अठराशे वर्षं आहे.

रोमचा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या राज्यातला माझा जन्म. माझ्यावरचा चेहरा त्याच्या धाकट्या मुलाचा, गेटाचा. मिळूनमिसळून राहा, असं सम्राट मरताना मुलांना सांगून गेला म्हणे. कसलं काय! वर्षभरातच थोरल्या कॅराकलाने गेटाला मारलं आणि हुकूम काढला, याचं नाव आणि तोंड दिसेल तिथून खरवडून टाका. भिंतींवरून, पुतळ्यांवरून गेटा गेला. मला मात्र कुणीतरी मडक्यात पुरलं होतं, म्हणून माझ्यावरचा गेटा वाचला. पुढे ते घराणंच बुडालं. मी आहे!

माझा आताचा मालक चंद्रहास, त्याच्या आजोबांनी बोटीवर नोकरीला असताना मला इटलीत विकत घेतलं आणि पुण्याला आणून थेट लक्ष्मीपूजनाच्या पाटावर बसवलं. चांदी म्हटल्यावर दिवाळीला घासायची! कधी राखुंडी, कधी दंतमंजन. गेटाचं नाक गेलं, कान गेला. कॅराकलाला जमलं नाही ते या प्रेमळ माणसांनी केलं. राग येणार नाही तर काय!

चंद्रहास इंजिनीअर. तो ऑकलंडला आला तेव्हापासून माझाही मुक्काम तिथल्या माउंट रॉस्किल उपनगरात. यंदा दिवाळीत त्याच्या बायकोने, नीताने, मला सिंकपाशी नेलं आणि टूथपेस्ट लावून ब्रश चालवला. आता उरलेला डोळाही जाणार, हे मला कळलं.

तेवढ्यात त्यांची मुलगी ओवी धावत आली. कडेची अक्षरं वाचून तिने माझी माहिती लायब्ररीत शोधली होती.

"मम्मी, स्टॉप! हिज फेस इज गोइंग!"

"अगं, काळं नाणं लक्ष्मीपुढे ठेवायचं? पणजोबांपासून घासतोय आपण."

"दॅट्स गेटा! हिज ब्रदर वॉन्टेड टू रब हिम आउट. यू आर हेल्पिंग द ब्रदर!"

नीताचा हात थांबला. "अगंबाई!" म्हणत तिने ब्रश ठेवला आणि मला नुसत्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपलं.

संध्याकाळी पाटावर मी काळंकुट्ट! शेजारच्या वासंतीताई म्हणाल्या, "नीता, नाणं घासायचं राहिलं की गं."

"राहिलं नाही. घासायचं नाहीये," नीता म्हणाली. कुंकूही तिने चेहरा सोडून कडेला लावलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा, पण हात आवरून. माझा काळेपणा वयाचा आहे, तो मळ नाही. गेटाचा एक डोळा आणि हनुवटी एवढंच उरलंय. तेवढ्यावर मी आणखी हजार वर्षं काढणार. कॅराकला, ऐकतोस ना?