सात घरांचं एक मत

जाबेझ ऑल्ड्रॉइडशी माझं लग्न ठरलं होतं. चर्चमध्ये दोन रविवार आमची नावं वाचूनही झाली होती. तिसऱ्या रविवारी वाचली की लग्नाला मोकळे. तो तिसरा रविवार आमच्या वाट्याला आला नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. हेथरॉइडच्या टेंटर गल्लीत आम्ही सगळे हातमागवाले. थोरला भाऊ इनोक आणि टेमरवहिनी यांच्या घरी मी राहायचे, त्यांच्याच माडीवर विणायचे. गल्लीच्या तोंडाशी जाबेझचं पिठामिठाचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत त्याची आई. आमची आई गेल्यावर त्या माउलीनंच इनोकला आणि मला दोन वर्षं जेवू घातलं होतं. आता ती स्वतः अंथरुणाला खिळली होती.

इनोक आणि जाबेझ म्हणजे एका जिवाचे दोन तुकडे. साध्या माणसालाही मत मिळावं म्हणून, सुधारणेच्या कायद्यासाठी दोघांनी रान उठवलं. सह्या गोळा केल्या, झेंडे खांद्यावर टाकून बारा-बारा मैल सभांना चालत गेले. एका सभेत घोडेस्वार शिपाई घुसले तेव्हा जाबेझनं इनोकला खाली दाबलं आणि घोड्याची टाप स्वतःच्या खांद्यावर घेतली. तो खांदा पुढं कायमचा कललेला राहिला.

अठराशे बत्तीसच्या उन्हाळ्यात कायदा झाला. घंटा वाजल्या, बिअर वाहिली, आम्ही बायका चौकात नाचलो. मग कुणीतरी कायदा नीट वाचून दाखवला. ज्या पुरुषाचं घर वर्षाला दहा पौंड भाड्याच्या तोलाचं, त्यालाच मत. आमच्या गल्लीतल्या सात घरांत असं घर एकच होतं, जाबेझचं.

इनोक दोन दिवस मागावरून उठलाच नाही. तिसऱ्या दिवशी जाबेझच आला.

"हे बघ इनोक, हे मत माझं एकट्याचं नाही. आपण सात घरं मिळून ठरवू. तुम्ही सांगाल ते नाव मी घेईन."

"दुकानदाराचा शब्द हा," टेमरवहिनी म्हणाली. "वजनात काटा मारशील!"

"वहिनी, तुमच्या पिठात कधी मारलाय का?"

निवडणूक डिसेंबरात लागली. एका बाजूला मिस्टर गार्सडेल, गिरणीमालक, हा कायदा आणणाऱ्या व्हिग पक्षाचा. दुसऱ्या बाजूला मिस्टर स्विथिन, जहाल गटाचा. तो म्हणायचा, गिरणीतल्या पोरांचे तास कमी करा आणि मजुरालाही मत द्या. कायद्याला विरोध करणाऱ्या टोरी पक्षाचा माणूस आमच्या गावात उभा राहायला धजलाच नाही. रविवारी सातही घरं आमच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसली. स्विथिनसाठी हात वर झाले, तसा मीही केला.

"पोरी, तू कशाला?" म्हातारे आमोसकाका हसले. "तुला कुठं मत आहे?"

"तुम्हाला तरी कुठं आहे, काका?"

सगळे खो खो हसले, जाबेझ सगळ्यांत जास्त. माझा हात मोजला गेला.

मतदानाच्या दिवशी चौकात फळ्यांचा उंच माच बांधला होता. मतदारानं वर जायचं, कारकून विचारणार, यानं सगळ्या गावासमोर नाव सांगायचं. पायरीशी गार्सडेलचा मुनीम वही घेऊन, कोण कुणाचं नाव घेतो ते टिपत उभा होता. बिनमताचे आम्ही सगळे खाली. जाबेझ वर चढला, टोपी हातात घेतली. मी हात हलवला. त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली.

"मत कुणाला?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला!"

"मिस्टर गार्सडेल."

माचावरच्या सभ्य लोकांनी टाळ्या वाजवल्या. इनोक मला म्हणाला, "मला नीट ऐकू आलं नाही का गं?"

मी गर्दीतून धावले आणि धान्यबाजाराच्या मागं जाबेझला गाठलं.

"घर गार्सडेलच्या मेव्हण्याचं आहे, किझाया. काल त्याचा माणूस येऊन गेला. मत दिलं नाही तर घर रिकामं कर म्हणाला. या थंडीत आईला कुठं नेऊ?"

"आमच्याकडे आणायचं. माग बाजूला सारला असता."

"त्या जिन्यावरून? ती वाटेतच गेली असती गं."

"मग काल येऊन का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? इनोकच्या तोंडाकडे बघून?" तो रडत होता. "मला वाटलं, तू तरी समजून घेशील."

"सात घरांचं मत विकलंस तू," मी म्हणाले. त्यानं विकलं नव्हतं. बोलतानाच मला ते माहीत होतं. तरी बोलले.

त्या आठवड्यात इनोकनं गल्ली गोळा केली. "आपल्याला मत नाही. पण पीठ कुणाकडून घ्यायचं, ते तर आपल्या हातात आहे." दुसऱ्या दिवसापासून जाबेझच्या दारासमोर बायकांचा पहारा बसला. कुणी आत जायला निघालं की हटकायचं. मीही पाळीपाळीनं उभी राहिले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. काचेतून तो मला बघायचा आणि आत निघून जायचा. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही त्याच्याकडे पीठ घ्यायला आला नाही.

जानेवारीत त्याची आई गेली. दुपारी तो आमच्याकडे आला, माडीच्या दारात उभा राहिला.

"इनोक, आईला न्यायचंय. एक खांदा कमी पडतोय."

इनोकचा धोटा थांबला नाही. खट्, खट्. जाबेझनं माझ्याकडे पाहिलं. मी मागाच्या पावड्या दाबत राहिले. वहिनी कोपऱ्यात तोंडावर एप्रनचं टोक धरून उभी होती. तो जिना उतरून गेला.

मी खिडकीतून पाहिलं. जाबेझसह तिघेजण आणि चौथ्या खांद्याला कबर खणणारा. जाबेझच्या बाजूनं पेटी कलली होती, सारखी घसरत होती, तो दर चार पावलांवर ती सावरत होता. मग इनोकचा धोटा थांबला. तो उठला, जिन्यापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

मार्चमध्ये दुकानाच्या फळ्या लागल्या. जाबेझ लिव्हरपूलहून अमेरिकेला गेला म्हणे. त्याचं पत्र आलं नाही, आणि मी तरी कुठल्या पत्त्यावर लिहिणार होते? मला पुढं दोन मागण्या आल्या. दोन्ही मी नाकारल्या.

त्या गोष्टीबद्दल इनोक आयुष्यात एकदाच बोलला. म्हातारपणी, माग विकला त्या दिवशी. "चौथा मी व्हायला हवा होतो, किझाया." एवढंच. एकसष्ट साली तो गेला, मत न देताच. त्यानंतर सहा वर्षांनी गल्लीतल्या घरांना मत मिळालं.

परवा, चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, इनोकचा नातू सेथ मत द्यायला निघाला. मतदान शाळेत होतं, मी त्याचा हात धरून तिथपर्यंत गेले. आता कुणी मोठ्यानं विचारत नाही. आत लाकडी आडोसे केले होते, दारातून दिसत होते. त्यामागं जाऊन कागदावर खूण करायची, घडी घालून पेटीत टाकायची. दाराशी कुणा गिरणीवाल्याचा माणूस हात चोळत उभा होता, त्याला लिहायला काही नव्हतं. सेथ बाहेर आला, तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"कुणाला दिलंस रे?"

"ते सांगायचं नसतं, आत्याआजी."

"बरोबर. नको सांगूस."

मी शाळेच्या भिंतीला टेकले. एवढंसं फळकुट होतं त्या आडोशाचं, माणसाच्या खांद्याइतकंसुद्धा उंच नसेल. चौकातल्या माचावर ते असतं, तर जाबेझ कुणाच्या नावापुढं खूण करून आला असता, हे मला ठाऊक आहे. पण जानेवारीतल्या त्या दुपारी आमच्या आणि त्याच्यामध्ये फळकुटही नव्हतं आणि मुनीमही नव्हता. मला फक्त मागावरून उठायचं होतं.

"आत्याआजी, रडतेस होय?" सेथनं विचारलं.

"वारा किती बोचरा आहे रे," मी म्हणाले. त्यानं आपला मफलर काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळला आणि आम्ही गल्लीकडे निघालो.