कोरडा बोळा

नांदे गावच्या रंभाबाईंनी तीस वर्षं डेअरीला दूध घातलं होतं. नमुना म्हटला की तो चांगलाच दिसला पाहिजे, एवढं शास्त्र त्यांना पक्कं ठाऊक. आपल्या गाईचं दूध पातळ निघालं की नमुन्याच्या बाटलीत शेजारच्या म्हशीचं दूध जायचं. सगळ्याच बायका करायच्या, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटायचं नाही.

२००९ साली त्यांचा नातू सातव्या महिन्यातच जन्मला, हिंजवडीजवळच्या एका दवाखान्यात. सून स्नेहल तापानं आडवी, म्हणून पोराला ऊब मिळावी यासाठी उघड्या छातीशी धरून बसायचं काम सासूकडे आलं. शेजारच्या खुर्चीत असायची अनुष्का. मूळची लातूरची, नोकरी आयटीत, आणि तिची लेक नातवाएवढीच इवलीशी. "आजी, तुम्ही शेजारी असलात की धीर येतो," असं ती रोज म्हणायची. ते ऐकून रंभाबाई सुखावायच्या.

दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. सिस्टर सुनीती दोन्ही बाळांच्या लंगोटात कापसाचा बोळा ठेवायची आणि तो पिळून लघवी तपासायला पाठवायची. हृदयावर, मूत्रपिंडावर ताण येत असेल तर लघवीत आधी कळतं, असं तिनं समजावलं होतं.

मंगळवारी सकाळी रंभाबाईंना नातवाचा बोळा कोरडा दिसला. आता पोरगं नापास! अनुष्का चहाला गेली होती. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, तिच्या लेकीचा ओला बोळा नातवाच्या लंगोटात सारला, कोरडा तिकडं ठेवला आणि माळ ओढत बसल्या.

शुक्रवारी डॉक्टर आले. "आजी, नातवाच्या लघवीत मूत्रपिंडावर ताण दिसतोय. औषध सुरू करावं लागेल."

गप्प राहिलं तर अब्रू राहत होती. पण पलीकडं अनुष्का काचेच्या पेटीतल्या लेकीकडं बघत उभी होती. रंभाबाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"ती लघवी माझ्या नातवाची न्हाई, डाक्टर. हिच्या लेकीची हाय. म्या बदलली."

"अहो आजी!" सुनीती ओरडलीच. "बोळा कोरडा निघाला तर काही बिघडत नाही. कापूस सरकतो, लंगोट भिजतो. आम्ही पुढच्या तपासणीला दुसरा ठेवतो. हिच्या लेकीचा नमुना मिळाला नाही म्हणून मी तिला येत्या सोमवारची तारीख टाकली!"

लंगोट चाचपून बघायचं रंभाबाईंना सुचलंच नव्हतं. डॉक्टर मुलीकडं धावले. रंभाबाईंना वाटलं, अनुष्कानं चार शिव्या घालाव्यात, एक मुस्काटात द्यावी. त्यांनी मान खाली घातली आणि वाट पाहिली.

अनुष्काचा आवाज चढला नाही.

"काल मी तुम्हाला तिचे पाय दाखवले होते, आजी. सुजल्यासारखे वाटतात का, म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, पोरगी बाळसं धरतीय."