दाराला आडवं जाळं

गोदाकाठच्या भोईगल्लीत कुलूप कधी नव्हतं. माणूस नदीवर गेला की दाराला जुनं जाळं आडवं बांधायचं. मग शेजारीणसुद्धा विस्तव मागायला आत शिरायची नाही. कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. पण गल्ली पाडून नवा घाट बांधायला आलेल्यांना हा रिवाज कोण सांगणार? साहेबांनी बजावलं होतं, माणसं राहतात त्या घरांना आठवड्याची मुदत, रिकामी घरं आधी पाडू.

केशरबाई सकाळीच निघाली. नवरा राधाकिशन मासेमारीला लांब धरणावर गेलेला, आणि रात्री टाकलेलं जाळं वेळेवर उचललं नाही तर मासळी सडते, पालमच्या बाजारात कुणी हात लावत नाही. सासू सरजाबाई मागच्या खोलीत निजलेली. ठार बहिरी, पायांनी अधू, आणि मेल्याबिगर इथून निघणार नाही म्हणून हटून बसलेली. केशरबाईनं सवयीनं दाराला जाळं बांधलं. मुदत होती, मग भीती कसली?

ती कमरेइतक्या पाण्यात असताना शेजारची सुलाबाई काठावर धापा टाकत आली. "केशर, तुझं घर पाडायलेत. दाराला जाळं हाय, म्हणून रिकामं समजलेत."

मासळीसकट जाळं सोडून केशरबाई चढ पळत सुटली. सासूशी तिचं कधी पटलं नव्हतं. म्हातारी सुटली तर बरं, असं चिडून कितीदा म्हणाली होती. बोलाफुलाला गाठ आजच पडते की काय, या धास्तीनं ती आणखी जोरात धावली.

पोचली तेव्हा पुढची भिंत बसली होती. ती जेसीबीला आडवी झाली.

"म्हातारी हाय आत."

ड्रायव्हरचं तोंड पांढरंफटक पडलं. मशीन थांबलं.

सरजाबाई उतरंडीला टेकून बसली होती. अंगभर माती, पण धड होती. केशरबाई तिच्या गळ्यात पडून रडली.

"भुई हादरायलीय," म्हातारी म्हणाली. "पूर आलाय का गं?"

बहिऱ्या माणसाला किती आणि काय सांगणार? केशरबाईनं मान हलवली. हो.

तशी हटून बसलेली सरजाबाई मुकाट्यानं तिच्या पाठीवर बसली. दोघी बाहेर येताच साहेबानं विचारलं, "आता आत कुणी नाही ना?" आणि ड्रायव्हरला हात केला.

"चल बिगीबिगी," म्हातारी सुनेच्या कानाशी म्हणाली. "पाणी उतरलं की येऊन लिपून घेऊ."