बिल्ल्यातली हसरी बाई

ह्यांना माणसांचा कंटाळा, माणसांच्या बिल्ल्यांचा मात्र भारी सोस. बंद पडलेल्या दारूगोळा कारखान्यांतल्या कामगारांचे ओळखबिल्ले: वर फोटो, खाली नंबर. काचेच्या कपाटात मखमलीवर मांडलेले. सख्खा भाऊ रस्त्यात भेटला तर ओळखतील की नाही कोण जाणे, पण बिल्ल्यावरचा गंज लांबून ओळखतात.

काल एक शिवणकाम करणारी बाई आली. ह्यांनी प्रदर्शनात मांडलेल्या एका बिल्ल्याचा नंबर तिच्या आईचा होता. मामाला तो पाठ होता म्हणे. ही तान्ही असताना आई दारू भरायच्या खात्यात स्फोटात गेली. मागे एकही फोटो उरला नाही. मामाने वाढवलं आणि मामीने दर घासाला ऐकवलं, "माझ्या नणंदेसारखी दिसतेस तरी का? कुठून उचलून आणली कोण जाणे!"

"एकदा आईचं तोंड बघू द्या," ती म्हणाली. "बाकी काही नको."

काळीज काढून द्यावं तसा ह्यांनी बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला. ती बघत राहिली. मग कपाटाच्या काचेत स्वतःला बघितलं, पुन्हा बिल्ला. नाक चाचपलं, हनुवटी चाचपली. काही म्हणता काही जुळेना.

"म्हणजे मामी खरंच बोलायची," ती म्हणाली.

हे मख्खासारखे उभे. "बिल्ला अस्सल आहे," म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. "अहो, सांगा ना तिला! फोटो दुसऱ्याच बाईचा आहे. दुसऱ्या एका मोडक्या बिल्ल्यातली ही हसरी बाई काढून ह्यांनीच तिथे चिकटवलीय."

तिच्या चेहऱ्यावर असा जीव आला! "मग आईचा फोटो?"

"डाग पडले होते," हे म्हणाले. "प्रदर्शनात तसलं चालत नाही. टाकला कचऱ्यात."

"पण तुम्ही बघितला असेल ना? माझ्यासारखी होती?"

ह्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच. मला वाटलं, आता तरी खोटं बोलतील. माझ्याशी उठता-बसता बोलतात.

"चेहऱ्याकडे कोण बघतं?" म्हणाले. बिल्ला तिच्या हातातून काढून घेतला, बोटांचे ठसे फडक्याने पुसले. "आईची आणखी काही वस्तू आहे का घरी? टोपी, डबा? जोडी झाली तर बिल्ल्याला शोभा येईल."

"मी आहे," ती म्हणाली.

"तसं नव्हे, कारखान्यातलं काही," असं म्हणत ह्यांनी कपाटाला कुलूप लावलं.