सोनाबाईच्या ओटीवरचं उखळ

मित्रांनो, मी एक जुनं दगडी उखळ आहे. ओवे गावात, सोनाबाई धवलारणीच्या ओटीवर, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. तिच्या गाण्यावाचून आमच्याकडे हळद लागत नसे. म्हणून या दोन खोल्यांच्या मातीच्या घराला मोठा मान होता. आणि घराचा मान तो माझा मान, सांगायला मी काही लाजत नाही.

पाथरवटाने मला कोरलं तेव्हा वाटलं होतं, पोटच पोकळ झालं, आता आपलं काही खरं नाही. पण त्या पोकळीतच सगळं आयुष्य मावलं. एरवी भात, मिरच्या, लग्नसराईत हळकुंडं. दोन मुसळांना आंब्याची पानं बांधून पाच सवाष्णी घाणा भरायच्या आणि सोनाबाई त्या ठेक्यावर गायची. घाव माझ्यावर बसायचा, पण आवाज खालच्या जमिनीतून, कुडातून, कौलांतून घुमत यायचा. कवडशात हळदीची पिवळी धूळ तरंगायची, आणि मला वाटायचं, आपण दगड नाहीच, गाणंच आहोत.

सोनाबाईला लिहितावाचता येत नाही. तिच्या सासूने तिला इथेच धवले शिकवले, घावागणिक एक ओळ.

मग मिक्सर आला. मेला काय ओरडतो! माझ्यावर फळी पडली, फळीवर चपला. मी खाली अंधारात जुनी लग्नं आठवत पडून राहिलं असतं तर दगडच ठरलं असतं. पण मी उखळ, मी मनात कांडत राहिलं.

यंदा सोनाबाईच्या पुतण्याने, काशिरामने, ते घर पाडून इमारत बांधायचं ठरवलं. माणूस वाईट नव्हे, काकीवर त्याचा जीव. तिला त्याने करंजाड्याच्या आपल्या फ्लॅटवर नेलं, आणि तिची आठवण राहावी म्हणून पहारीने मलाही उपटून नेलं. घासूनपुसून हॉलमध्ये ठेवलं, पोटात पाणी आणि झेंडूची फुलं. पाहुणे माझे फोटो काढायचे. खोटं कशाला बोलू, मी सुखावलं.

तेवढ्यात काशिरामच्या बहिणीचं, प्राचीचं, लग्न ठरलं. आपल्या हळदीला धवले हवेत आणि ते शिकूनही घ्यायचे, असा तिने हट्टच धरला. सोनाबाईशिवाय ते येणारं गावात कुणीच नव्हतं. प्राची वही घेऊन बसली. फुलं काढून माझ्यात हळकुंडं घातली. सोनाबाईने मुसळ उचललं.

ठक. पुन्हा ठक. खाली नुसती गुळगुळीत फरशी. दोन ओळी गाऊन सोनाबाई थांबली. तिसरी येईना. चार वेळा पहिल्यापासून म्हटलं, तरी येईना. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"काशिराम," ती म्हणाली, "तू नुसता दगड आनलास. माझी गानी तिकडं ओटीवरच रायली."

दुसऱ्या दिवशी काशिरामने टेम्पो आणला. घर पाडायला चार दिवस उरले होते, माझा खड्डा तसाच होता. मला त्यात बसवून बायांनी भोवती माती चोपली, शेणाने सारवलं. हळदीच्या दिवशी मुसळाचा पहिला घाव बसला, जमीन घुमली आणि तिसरी ओळ आली. मग चौथी. मग पुढचा धवला. प्राची पिवळ्या हातांनी लिहीत होती, ऊन कललं तरी लिहीत होती. काशिराम दारात बसून रडला. मग डोळे पुसून मुकादमाला फोन लावून म्हणाला, "घर पाडायचं नाय."

आता दर रविवारी गावातल्या मुली ओटीवर शिकायला येतात. फक्त एक धवला काही केल्या पुरा होत नाही. उपटताना पहार लागून माझ्या बुडाला चीर गेली आहे. त्या धवल्यात नेमका तिथे घाव पडला की आवाज फाटतो आणि सोनाबाई त्याच ओळीवर अडते. प्राचीने वहीत तेवढं पान कोरं सोडलं आहे.

मित्रांनो, जुन्या घरातलं काही जपायला उचलाल, तर त्याआधी तिथे राबलेल्या, गायलेल्या बाईला विचारा. आमच्या सोनाबाईला कुणी विचारलं असतं, तर ते पान आज भरलेलं असतं.